इतिवृत्त लिहिणारी

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
मी त्या लांब टेबलाच्या कडेला बसते,
शिक्षण मंडळाच्या सदस्यांहून एक पायरी खाली,
आणि लिहिते.
एकोणीस वर्षं. सात अधीक्षक.
प्रत्येकाच्या नावाची पाटी मीच मागवली, मीच उतरवली.
सगळ्या माझ्या खणात आहेत, स्टेपलरच्या पिनांखाली.
पाटीचं पितळ खरं असतं. बाकीचं मला विचारू नका.

आमच्या कामाला शब्द थोडे लागतात.
'चर्चा झाली.' 'नोंद घेण्यात आली.'
ओडेसा प्रुइट ओरडल्या, मग रडल्या,
मग पर्समधून वर्गाच्या छताचा बुरसटलेला तुकडा काढून
अध्यक्षांच्या पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवला:
'नागरिकांनी मतं मांडली.'
तो तुकडा फेकायचा की दप्तरी दाखल करायचा
याचा नियम सापडला नाही.
तोही खणात आहे.

या मंगळवारी विषय क्रमांक चार:
डॉ. थॅडियस ब्लँकनशिप यांना निरोप.
अकरा महिने टिकले. माणूस वाईट नव्हता,
लिफ्टमध्ये माझ्या गुडघ्याची चौकशी करायचा.
करार मुदतीआधी मोडला म्हणून दोन लाख चाळीस हजार डॉलर,
आणि एकमेकांबद्दल वावगं न बोलण्याची अट.
पाच: नवा अधीक्षक शोधून देणारी कंपनी.
तीच, जिनं हे शोधून दिले होते.
सहा: बोधचिन्हातला निळा रंग
अधिक आशादायी कसा करावा, या सल्ल्याचं शेवटचं बिल.
सात: हॉथॉर्न शाळेचा बॉयलर.
सात पुढच्या बैठकीत.
गेल्या चार बैठका सात पुढच्याच बैठकीत आहे.

सभागृहात उकडत होतं.
लोक विषयपत्रिकेनंच वारा घेत होते.
रखवालदार लेम्युएलनं माइक खाली, आणखी खाली केला,
आणि मारिसेल कोर्देरो, वय दहा,
कोटाची बटणं न काढता वाचू लागली.
विज्ञानाची वही. सेल्सियसमध्ये,
कारण बाईंनी तसंच सांगितलंय.

सोमवार, अकरा.
मंगळवार, नऊ.
बुधवार, नऊ. खिडकीपाशी सात, पण तिथे आता कुणी बसत नाही.
गुरुवारी लिहिलं नाही, हातमोज्यात पेन्सिल धरता येईना.
शुक्रवार, चौदा,
कारण मायलोचा वाढदिवस होता आणि आम्ही सगळे नाचलो.

हिरवा दिवा, पिवळा, लाल.
दोन मिनिटं संपली, माइक आपोआप बंद पडला.
ती वाचतच होती.
पुढचा आठवडा ऐकायला
वारा घेणारे कागद एकेक करून थांबले.
अध्यक्ष म्हणाले, धन्यवाद, बाळा.
डॉ. ब्लँकनशिप आपल्या पाटीकडे बघत होते.

बुधवारी मसुदा लाल शाईत परत आला.
आकड्यांवर काट, बाजूला अध्यक्षांचं सुबक अक्षर:
'एका विद्यार्थिनीनं मत मांडलं.'

मत?
अकरा हे मत नाही. नऊ हे मत नाही.
मी दुपारभर त्या शब्दाकडे बघत बसले,
डबाही उघडला नाही.
मग सांगितलं होतं तसं वाक्य टाइप केलं
आणि त्याखाली: 'पाहा, परिशिष्ट क.'
परिशिष्टात सगळं घातलं. खिडकी, हातमोजे, मायलो, नाच.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
सही करताना माझा हात ओलसर होता.

पुढच्या महिन्यात विषय क्रमांक एक:
मागील बैठकीचं इतिवृत्त कायम करणे.
कुणी वाचलेलं? नऊ माणसांनी नऊ पानं
शेवटच्या पानाकडे न जाता उलटी ठेवली.
बाजूनं नऊ, विरुद्ध शून्य.

म्हणजे आता मंडळाला एकमतानं मान्य आहे
की चौथीच्या वर्गात नऊ अंश असतात
आणि मुलं नाचली तर चौदा.
सही आहे. शिक्का आहे.
कुणी मागितलं तर माझ्याकडे प्रत आहे.

सात पुढच्या बैठकीत.

मी नवी पाटी मागवायला घेतली आहे.
नाव अजून कळवलेलं नाही,
पितळाचा भाव मात्र वाढलाय.